विदूषकाच्या वेशात प्रभुभोजन: विरोध करावा का, आणि नेमका कशाला?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलात, लग्नानंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झालात आणि आता तेथील चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक मंडळीच्या कारभार समितीवर, आहात. पुढच्या महिन्यातील कौटुंबिक उपासनेत प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा, विधी विदूषकांच्या वेशात, बराचसा मूकाभिनयाने, फुगे आणि शिट्ट्यांसह करावा असे आपल्या व्हिकरबाईंनी (पॅरिशच्या पाळकबाईंनी) सुचवले आहे. आपल्या यजमानांना त्यात वावगे वाटत नाही, मुले हरखून गेली आहेत, आपल्याला मात्र ही या पवित्र विधीची थट्टा वाटते. त्यातच सासूसासरे त्याच सुमारास भारतातून येणार आहेत. बैठकीत विरोध करावा, की आपणच जुन्या वळणाच्या आहोत असे मानून गप्प बसावे, हे आपण विचारले आहे.

मी आधी मराठी मंडळ्यांमध्ये आणि नंतर इंग्लंडमधील पॅरिशांमध्ये पाळक म्हणून सेवा केली, आणि आता उपासना चालवणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे काम करतो. त्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर बसण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. माझे मत आधीच सांगतो. आपली अस्वस्थता खरी आहे आणि ती बैठकीत मांडण्याजोगी आहे, परंतु विदूषकाच्या वेशाला सरसकट विरोध केलात तर आपण चुकीच्या जागी उभ्या राहाल आणि वादही हराल.

अशा वेळी बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो हा की, देवाच्या घरात हसावे का. या प्रश्नात मला फारसा दम वाटत नाही. दावीद राजा कराराच्या कोशापुढे देहभान विसरून नाचला तेव्हा त्याची पत्नी मीखल हिने खिडकीतून पाहून त्याचा तिरस्कार केला, आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा कल कोणाकडे आहे हे सहाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनापर्यंत वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. मात्र याच कथेचा आधार घेऊन वाटेल तो प्रकार खपवणारेही मी पुष्कळ पाहिले आहेत. दावीद मिरवणुकीत नाचला. त्याच दिवशी होमार्पणे आणि शांत्यर्पणे झाली ती ठरलेल्या रीतीनेच झाली, हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न पौलाने करिंथच्या मंडळीला विचारलेला आहे. तो म्हणतो की, तू आत्म्याने उपकारस्तुती (देवाचे आभार मानणारी प्रार्थना) करशील, पण तू काय म्हणतोस हे शेजारी बसलेल्या साध्या माणसाला कळलेच नाही, तर तुझ्या उपकारस्तुतीला तो आमेन कसे म्हणेल? हे १ करिंथ १४:१६ मधील आहे, आणि उपासनेसंबंधीच्या माझ्या सगळ्या निर्णयांची कसोटी तेच एक वचन आहे. प्रभुभोजनाची प्रार्थना पाळक एकटा करत नाही. तो मंडळीच्या वतीने बोलतो आणि मंडळी आमेन म्हणून ती आपली करते. दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन मार्टरने रोममधील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यातही अध्यक्षाची प्रार्थना संपल्यावर सर्व लोक आमेन म्हणून संमती देतात, याची त्याने आवर्जून नोंद केली आहे. म्हणून कोणताही नवा प्रकार माझ्यापुढे आला की मी शेवटच्या बाकावरच्या माणसाचा विचार करतो. त्याला आत्ता काय चालले आहे हे कळते आहे का, त्याच्या वाट्याचे शब्द त्याच्याकडे आहेत का, आणि मनाविरुद्ध काही घडत असेल तर बाजूला होण्याची वाट त्याला ठेवली आहे का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर विदूषकाची टोपी मला खुपत नाही. नसतील, तर सर्वांत गंभीर चेहऱ्याने, रेशमी झग्यात चाललेली उपासनाही मला तितकीच खुपते.

इतिहासाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो, म्हणून थोडे त्याविषयी. बाराव्या शतकापासून उत्तर फ्रान्समधील कॅथीड्रलांमध्ये १ जानेवारीच्या सुमारास उपडीकन, म्हणजे धर्मसेवकांच्या उतरंडीतील खालच्या पायरीवरचे लोक, एक सण साजरा करत असत, त्याला मूर्खांचा सण म्हणत. मरियेच्या स्तोत्रात ‘त्याने अधिपतींना राजासनांवरून ओढून काढले’ अशा अर्थाची ओळ येते. तिच्या आधाराने त्या दिवशी गायकप्रमुखाचा दंड खालच्यांच्या हाती जाई. नवे प्रयोग करणारे आज अभिमानाने हा दाखला देतात. विरोधक सांगतात की, १४३५ मध्ये बाझेलच्या धर्मपरिषदेने हा सण निषिद्ध ठरवला आणि १४४५ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र विद्याशाखेने त्यावर कडक पत्र लिहिले. दोघेही अर्धेच सांगतात. बोव्हे आणि साँस येथील या दिवसाच्या उपासनेची हस्तलिखिते आजही आहेत, आणि ती पाहिली तर तो धुडगूस मुळीच नव्हता. ठरलेल्या प्रार्थना, ठरलेली गीते, आणि त्यांत मिसर देशी जाणाऱ्या पवित्र कुटुंबाच्या गाढवाची आठवण करून देणारे एक खेळकर गीत, असा तो आखीव विधी होता. मला त्यातून एवढेच दिसते की, ज्या काळी हा खेळ सर्वांच्या ओळखीच्या चौकटीत होता त्या काळी तो टिकला.

याउलट उदाहरण ईस्टरच्या हास्याचे आहे. जर्मन भाषक प्रदेशात ईस्टरच्या प्रवचनात पाळकाने लोकांना हसवायचे, कारण मरण हरले आहे, अशी प्रथा होती. पुढे ती इतकी घसरली की प्रवचनकार चावट गोष्टी सांगू लागले आणि पक्ष्यांचे आवाज काढू लागले. १५१८ मध्ये योहान्नेस ओकोलाम्पाडियस यांनी बाझेलमधून तिच्यावर लेखी टीका केली. त्या टीकेतील वैतागाशी मी सहमत आहे. लोकांना हसवणे हेच एकदा यशाचे माप झाले की प्रवचनकाराला थांबायचे कोठे हे समजत नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या जवळ येऊ. विदूषक आणि ख्रिस्त यांची सांगड हे आपल्या व्हिकरबाईंच्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. १९६४ च्या न्यूयॉर्क विश्वमेळ्यात प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या दालनात एक लघुपट दाखवला गेला. त्यात पांढऱ्या रंगाने माखलेल्या चेहऱ्याचा एक मूक विदूषक सर्कशीतील राबणाऱ्यांची ओझी स्वतःच्या अंगावर घेतो आणि शेवटी मारला जातो. मेळ्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी तो मागे घेण्यास सुचवले होते, तरी तो दाखवला गेला. १९७० च्या दशकात अमेरिकन लुथरन पाळक फ्लॉइड शेफर यांनी विदूषकी सेवा नावारूपाला आणली. रुग्णालये आणि वृद्धाश्रम येथे जाणारे हे मूक विदूषक पुढे उपासनेतही आले. त्यामागचा विचार साधा आहे. विदूषक सत्ताहीन असतो, मार खातो, पडतो, पुन्हा उठतो, आणि पौल स्वतःला व आपल्या सहकाऱ्यांना ख्रिस्ताकरता मूर्ख म्हणवतो.

या विचारात मला खोट दिसत नाही. अडचण येते ती तो विचार प्रभूच्या मेजापाशी नेला जातो तेव्हा. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील ट्रिनिटी चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्याच अँग्लिकन परंपरेतील अमेरिकन एपिस्कोपल चर्चच्या, १६९७ पासूनच्या एका प्रतिष्ठित पॅरिशमध्ये, विदूषकांच्या वेशात प्रभुभोजन झाले. त्याची छायाचित्रे जगभर फिरली आणि अँग्लिकन जगात ज्यांना नव्या वळणाच्या उपासनेवर टीका करायची असे त्यांना ती पुढे कितीतरी वर्षे पुरली. समर्थक म्हणत की, पैशाच्या राजधानीत देवाच्या मूर्खपणाची घोषणा करण्यासारखी दुसरी जागा नाही. टीकाकार म्हणत की, लोक ख्रिस्ताकडे पाहण्याऐवजी पाळकाच्या लाल नाकाकडे पाहत होते. मला दोघांचेही म्हणणे पटते, आणि त्यामुळेच मी त्या पद्धतीने प्रभुभोजन करणार नाही. विदूषक दीनांचा प्रतिनिधी आहे, हे आजच्या माणसाला समजावून द्यावे लागते. सर्कस आणि वाढदिवसाच्या मेजवान्या पाहून वाढलेल्या मुलाला तो केवळ गमतीचा माणूस वाटतो, आणि भयपट पाहिलेल्या मुलाला तर त्याची भीती वाटते. ज्या चिन्हाचा अर्थ चिन्हाबरोबर टिप्पणी जोडल्याशिवाय पोहोचत नाही, ते भाकर आणि प्याल्याच्या शेजारी ठेवू नये. भाकर आणि प्याला यांनाच बोलण्यास जागा लागते.

तरीही लंडनमधील एक उपासना माझ्या या मताला अपवाद वाटते. नाट्यगृहातील थोर विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी १८३७ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ १९४० च्या दशकापासून दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी विदूषकांची उपासना होते. अनेक दशके ती डॉल्स्टनच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये भरत असे. पेशाने विदूषक असलेले स्त्रीपुरुष पूर्ण वेशात येतात, त्या वर्षी वारलेल्या सहकाऱ्यांसाठी मेणबत्त्या लावतात, प्रार्थना करतात. तेथे वेश विचित्र दिसत नाही, कारण तो त्यांच्या कामाचाच पोशाख आहे. कोळ्यांनी बंदरावरच्या उपासनेला आपल्या पोशाखात यावे तसा. तेथे कोणी मंडळीसाठी विदूषक होण्याचे सोंग घेत नाही, मंडळीच विदूषकांची आहे. आपल्या गावात तशी मंडळी असती तर मी आपल्याला हे उत्तर लिहिलेच नसते.

इंग्लंडमध्ये राहत असल्यामुळे आपल्या मनात आणखी काही गोष्टी एकत्र मिसळल्या असतील, त्या वेगळ्या करून पाहाव्यात असे मला वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नॉर्विच कॅथीड्रलच्या मुख्य दालनात जत्रेतील ५५ फूट उंचीची घसरगुंडी उभारण्यात आली. लोकांनी वर चढून छताच्या सांध्यांवरील मध्ययुगीन कोरीवकाम जवळून पाहावे, हा त्यामागचा एक उद्देश होता. त्याच उन्हाळ्यात रॉचेस्टर कॅथीड्रलमध्ये पुलांच्या प्रतिकृतींचे नऊ खळग्यांचे छोटे गोल्फ मैदान मांडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कँटरबरी कॅथीड्रलमध्ये, म्हणजे ११७० मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेट मारला गेला त्याच वास्तूत, कानाला हेडफोन लावून नाचण्याचा कार्यक्रम झाला. बाहेर काही लोक प्रार्थना करून निषेध करत होते.

या सगळ्यांवर माझे मत एकसारखे नाही. घसरगुंडी आणि गोल्फ हे वास्तूच्या वापराचे प्रश्न आहेत. मध्ययुगात ही मोठी दालने सौदे, भेटीगाठी आणि बाजारगप्पा यांनी गजबजलेली असत. लंडनच्या जुन्या सेंट पॉलच्या दालनात तर बातम्या मिळवण्यासाठी लोक येरझाऱ्या घालत. तेव्हा दालनात मुले हसली म्हणून काही बाटत नाही. नॉर्विचच्या बाबतीत मला जे थोडे खटकले ते पुढचे. लिनच्या बिशपांनी त्या घसरगुंडीवर बसून रविवारचे प्रवचन केले. जे आठवडाभर पाहुण्यांसाठी होते, ते त्या क्षणी मंडळीच्या उपासनेत आले, आणि खेळणे कोठे संपते आणि व्यासपीठ कोठे सुरू होते, हे समजेनासे झाले. कँटरबरीचे मी समर्थन करणार नाही. नाचण्यात पाप आहे असे मला म्हणायचे नाही, परंतु ज्या ठिकाणी एक माणूस विश्वासासाठी मारला गेला, त्याच ठिकाणी मद्याच्या प्याल्यांसह रात्रीचे तिकीट विकणे ही वास्तूच्या देखभालीच्या खर्चासाठी गरज असू शकते, पण त्याला सुवार्तेचे नाव देऊ नये. पण यांपैकी कशालाही आपण प्रभुभोजनाच्या पारड्यात टाकू नये. बैठकीत आपण ‘आज विदूषक, उद्या डिस्को’ असे म्हणालात, तर व्हिकरबाई सहजपणे म्हणतील की डिस्कोचा विषय कोणीच काढलेला नाही, आणि आपले खरे म्हणणे बाजूला राहील.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. २००४ मध्ये पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन येथील एका पॅरिशमध्ये रविवारच्या सकाळच्या उपासनेला न येऊ शकणाऱ्या कुटुंबांसाठी मेसी चर्च नावाचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. आधी हातांनी काहीतरी बनवणे, मग थोडी उपासना, मग एकत्र जेवण, असा त्याचा क्रम असतो. रंग, माती, गोंद, आरडाओरड, सगळे असते. याच्यावर टीका झाली, पण तीव्र वाद फारसा झाला नाही, आणि माझ्या मते त्याचे कारण असे की, येणाऱ्याला आधीच ठाऊक असते की आपण कोठे चाललो आहोत. मंडळीच्या नेहमीच्या उपासनेला धक्का न लावता तिच्या शेजारी तो उभा राहिला.

आपल्या माहेरच्या परंपरेतही असा एक शेजार आहे, तो आपण लहानपणी पाहिला असेल. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांमध्ये ख्रिस्ती कीर्तन रुजले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांना मराठी ख्रिस्ती भक्तीत मोठे स्थान मिळवून दिले. टाळ, चिपळ्या, झांजा, पूर्वरंग आणि उत्तररंग यांसह बुवा जक्कयाची कथा लावतात, तो बुटका जकातदार उंबराच्या झाडावर कसा चढला याचा अभिनय करतात, आणि सगळा मांडव हसतो. त्या हसण्यात कोणाला ईशनिंदा दिसत नाही. हसण्याची जागा कोणती, गंभीर होण्याची कोणती आणि भजनात आपण सर्वांनी केव्हा उचलून धरायचे, हे ऐकणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. म्हणजे कीर्तनात आमेन म्हणण्याची संधी पावलोपावली मिळते. हे वळण परके आहे, हिंदूंचे आहे, अशी कुरकुर मी स्वतः जुन्या लोकांकडून ऐकली आहे, आणि ती आता बहुतेक ठिकाणी विरली आहे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कीर्तन संध्याकाळी, स्वतंत्र सभेत झाले. भाकर मोडण्याच्या मधोमध जक्कयाचा अभिनय करावा, असे कीर्तनकारांना वाटले नाही, आणि त्यामुळे कीर्तनाचे काहीही अडले नाही.

म्हणून मी ज्यांना शिकवतो त्यांना उपासनेचे दोन भाग वेगळे हाताळण्यास सांगतो. वचनाच्या भागात, म्हणजे शास्त्रपाठ, प्रवचन आणि मुलांसाठीचे बोलणे यांत, खेळाला भरपूर वाव आहे. विदूषक येऊ दे, चुकीच्या जागी बसू दे, हरवलेले मेंढरू शोधू दे, उधळ्या पुत्राच्या कथेतील मोठ्या भावाचे तोंड वाकडे करू दे. परंतु मेजाकडे वळताना सर्वांच्या देखत त्याने चेहरा पुसावा, टोपी उतरवावी आणि मंडळीत जाऊन बसावे. हा बदल स्वतःच मुलांना खूप काही शिकवतो, आणि मुले तो मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. भाकर देणाऱ्याचा चेहरा झाकलेला नसावा, याबाबत मी हट्टी आहे. आपल्याला कोण भाकर देत आहे हे घेणाऱ्याला दिसले पाहिजे, आणि देणाऱ्यालाही घेणाऱ्याचे डोळे पाहता आले पाहिजेत, कारण रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी कोण कोणते दुःख घेऊन आले आहे, हे आधी समजण्याचा दुसरा मार्ग नसतो. पतीच्या वर्षश्राद्धाइतक्याच जड दिवशी मंडळीत आलेली आणि फुग्यांच्या मधून वाट काढत मेजापर्यंत न जाता परत फिरलेली एक वृद्धा मला अशाच एका उपासनेनंतर दारात भेटली होती. तिची तक्रार खेळाविषयी नव्हती. मला आधी सांगितले असते तर मी आठ वाजताच्या उपासनेला आले असते, एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून नव्या प्रकाराची सूचना किमान दोन रविवार आधी, स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे, आणि त्याच दिवशी नेहमीच्या रीतीची एक उपासना ठेवली पाहिजे, या दोन अटी मी कोणासाठीही सैल करत नाही.

मूकाभिनयाविषयी थोडे अधिक, कारण आपल्या प्रश्नातील मला सर्वांत चिंताजनक वाटलेला भाग तोच आहे आणि आपण त्याचा उल्लेख ओझरता केला आहे. शब्दांशिवाय चालणाऱ्या उपासनेत मंडळी प्रेक्षक होते. पाहणाऱ्याला मेजाजवळच्या हालचाली कितीही हृद्य वाटल्या तरी त्याच्या वाट्याचे काही उरत नाही. पापकबुली नाही, ‘आम्ही आमची अंतःकरणे प्रभूकडे लावतो’ यासारखे प्रत्युत्तर नाही, आमेन नाही. अंध माणसाला तर तेथे काहीच मिळत नाही. बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत होणारी उपासना याहून पूर्ण वेगळी आहे, कारण ती भाषा आहे आणि तिच्यात मंडळीही उत्तर देते. व्हिकरबाईंना लहान मुलांना शब्दांचे ओझे नको असे वाटत असेल, तर त्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडने मोठ्या संख्येने मुले हजर असतील अशा उपासनेसाठी २०१२ मध्ये उपकारस्तुतीच्या, म्हणजे भाकर आणि प्याल्यावर म्हणायच्या, छोट्या आणि सोप्या प्रार्थना अधिकृत केल्या आहेत. त्यांत मुलांना बोलण्यास जागा आहे. शब्द काढून टाकण्यापेक्षा मुलांच्या तोंडी देणे केव्हाही चांगले.

आता नियमांविषयी, कारण कौन्सिलची सदस्य म्हणून आपल्याला ते माहीत हवेत. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमसंग्रहातील कॅनन (कलम) बी ३ प्रमाणे कोणत्या अधिकृत उपासनाविधींचा वापर करायचा, हा निर्णय पाळक आणि पॅरिश कौन्सिल यांनी मिळून घ्यायचा असतो. कॅनन बी ५ पाळकाला किरकोळ बदल करण्याची मोकळीक देतो, परंतु असे बदल आदरयुक्त आणि शोभणारे असावेत आणि मंडळीच्या शिकवणीपासून दूर जाणारे नसावेत, अशी अट घालतो. मतभेद झाला तर प्रश्न बिशपांकडे नेता येतो. प्रभुभोजनात अधिकृत उपकारस्तुतीची प्रार्थना वगळणे हा किरकोळ बदल होत नाही, त्यामुळे पूर्ण मूक विधी या चौकटीत बसत नाही. पोशाखाचा नियम २०१७ नंतर सैल झाला आहे, तरीही नेहमीचा पोशाख सोडायचा तर कौन्सिलला विश्वासात घेणे अपेक्षित आहे. म्हणजे हा विषय बैठकीत आला आहे तो व्हिकरबाईंच्या सौजन्यामुळे असेल, पण तो आपल्या अधिकारातलाही आहे.

हे सगळे अँग्लिकन घरातले झाले. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकाने हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर चार ओळींत संपले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने लोकभाषा आणि स्थानिक संस्कृती यांना दार उघडले, परंतु त्याच संविधानात असेही लिहिले की कोणीही, धर्मगुरूनेसुद्धा, स्वतःच्या मर्जीने विधीत भर घालू नये, काही वगळू नये वा बदलू नये. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी आरती, अंजलीमुद्रा, जमिनीवर बसणे यांसारख्या बारा गोष्टींना परवानगी दिली, ती भारतीय बिशपांनी मागितल्यानंतर दिली. आपल्याकडची मोकळीक मोठी आहे, म्हणून विवेकाची जबाबदारीही आपल्याच माथी येते.

एक धोक्याची जागा मात्र दोन्ही बाजूंच्या लोकांना दाखवून ठेवतो. १९८६ मध्ये शेफील्डच्या एका पॅरिशमध्ये तरुणांसाठी नाचगाणे, दिवे आणि मोठ्या पडद्यांसह एक धाडसी उपासना सुरू झाली. वरिष्ठांनी तिचे कौतुक केले, तिच्या नेत्याला झपाट्याने पाळकपदाची दीक्षा दिली, आणि १९९५ मध्ये त्याने अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे उघड होऊन ती बंद पडली. त्याचा दोष ढोलताशांना देणे चूक आहे. पण नवेपणाचे कौतुक इतके झाले की प्रश्न विचारणारा जुनाट ठरू लागला, आणि आतल्या माणसांनाही विचारण्याची सोय राहिली नाही. म्हणून ‘मीच जुन्या वळणाची’ असे मानून गप्प बसू नका, हे मी आपल्याला आग्रहाने सांगतो. आपल्या गावात असे काही घडेल असे मी मुळीच म्हणत नाही.

बैठकीत प्रत्यक्ष काय बोलावे? मी आपल्या जागी असतो तर आधी व्हिकरबाईंना एकट्याने भेटलो असतो, आणि त्यांना काय साधायचे आहे हे विचारले असते. बहुतेक वेळा त्यामागे रविवारी न येणारी कुटुंबे असतात, आणि ती चिंता आपलीही आहे. मग बैठकीत विरोधाचा ठराव मांडण्याऐवजी पर्याय मांडावा. विदूषक प्रवचनापर्यंत राहावेत. उपकारस्तुतीची प्रार्थना मुलांसाठीच्या अधिकृत प्रार्थनांपैकी एक असावी आणि ती मोठ्याने म्हटली जावी. भाकर आणि प्याला उघड्या चेहऱ्याच्या माणसांनी द्यावा. शिट्ट्या मेजापूर्वी थांबाव्यात, फुगे शेवटच्या गीताला सोडावेत. सूचना दोन रविवार आधी आणि दारावरच्या फलकावरही लावावी. हे मान्य झाले तर आपण स्वतः त्या दिवशी दारात स्वागताला उभ्या राहण्याची तयारी दाखवा. विरोध करणाऱ्या माणसाने काम अंगावर घेतले की बैठकीचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. हे मान्य झाले नाही आणि मूक विधीच करायचे ठरले, तर आपली असहमती इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि बिशपांचा सल्ला मागण्याची सूचना करा. त्यात कोणाचा अपमान नाही, नियमानेच ती सोय ठेवली आहे.

राहिले सासूसासरे. ते जुन्या अँग्लिकन मिशनच्या परंपरेतले आहेत असे आपण लिहिले आहे. त्यांना त्या रविवारी सकाळी आठच्या, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे होणाऱ्या उपासनेला घेऊन जा. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी मराठी प्रार्थनापुस्तकातून पाठ झालेला क्रम त्यांना पानोपानी ओळखू येईल आणि आमेन कोठे म्हणायचे हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. त्यानंतर त्यांची इच्छा असेल तर नातवंडांबरोबर दहाच्या उपासनेलाही त्यांना येऊ द्या, मात्र तेथे काय पाहायला मिळेल हे आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवा.